आमची रोजची भाकर

हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला तो पुण्यातल्या मेसमध्ये. समोर बसलेली मुलगी भातावर आमटी घेता घेता थांबली आणि म्हणाली, "जेवायच्या आधी डोळे मिटून तू काय म्हणतेस गं?" मी "प्रार्थना" एवढंच म्हणाले आणि जेवायला लागले. त्याला आता नऊ वर्षं झाली. पुढे ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये, प्रवासात, मैत्रिणींच्या घरी, लग्नाच्या पंगतीत हाच प्रश्न येत राहिला. त्याच्या मागून आणखी प्रश्न येतात. रोज तेच म्हणता का? कुठल्या भाषेत? तुमच्यात उपास असतात का? आमच्याकडचा प्रसाद चालतो का? एका शब्दात उत्तर दिलं की दर वेळी मला काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. आता तुम्हीही तेच विचारलंत म्हणून या वेळी सगळं सांगते.

आधी शब्द, कारण ते फार थोडे आहेत. "प्रभू, हे अन्न तू दिलंस, तुझे आभार मानते. ज्यांनी पिकवलं, ज्यांनी रांधलं, त्यांना आशीर्वाद दे. ज्यांच्याकडे आज नाही, त्यांना दे. येशूच्या नावाने मागते. आमेन." मराठीतच. आमच्या प्रॉटेस्टंट पंथाच्या ख्रिस्ती घरांत जेवणाची ठरलेली अशी एकच प्रार्थना नसते. ज्याला सांगतील त्याने आपल्या शब्दांत करायची. पाहुणे आले तर त्यांना मान, पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, आले तर त्यांना. एरवी सर्वांत लहान लेकराला सांगायचं, ही माझ्या आजीची पद्धत. त्यामुळे धाकटा भाऊ बोलायला लागेपर्यंत आमच्या घरची प्रार्थना माझ्याकडे होती.

माझं गाव नेवासे तालुक्यातलं. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, तोंडात मात्र अजून नगरच बसलेलं आहे. या भागात अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेचं काम सुरू झालं १८३१ मध्ये. आमच्या घरात ख्रिस्ती विश्वास आला तो त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, माझ्या आजोबांच्या आजोबांच्या वेळी. ते जातीने महार. गावची वेस राखायची, सरकारी सांगावा पोचवायचा, मेलेलं ढोर ओढून न्यायचं, आणि संध्याकाळी खांद्यावर घोंगडं टाकून, घुंगुरकाठी वाजवत घरोघरी भाकर मागायला जायचं. कष्टाचा मोबदला तोच. आजी सांगायची, "भाकर वरून टाकायचे, हाताला हात लागू नये म्हणून. खाली पडली तर मातीसकट उचलायची." तिने हे स्वतः पाहिलेलं नव्हतं, तिला तिच्या सासूने सांगितलं होतं. पण सांगताना तिचा हात असा काही पुढे यायचा, की जणू तिनेच पदर पसरलेला आहे.

आमच्या या पूर्वजांना पुढे मिशनच्या छोट्या देवळात (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) प्रभूची प्रार्थना शिकवली गेली. येशूने शिष्यांना शिकवली ती. तिच्यात एक ओळ आहे : आमची रोजची भाकर आज आम्हांस दे. मूळ ग्रीक शब्द तिकडच्या भाजलेल्या पावाचा. मराठीत आणणाऱ्यांनी 'भाकर' लिहिलं, आणि त्या एका शब्दासाठी मी त्यांची कायमची ऋणी आहे. बाजरीच्या मुलखात दुसरं काही लिहिलं असतं तर ते पुस्तकातच राहिलं असतं. आणि मग प्रभुभोजनाचा दिवस, येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून भाकर वाटून खायचा. सगळे एका ओळीत बसलेले, एकच ताट सगळ्यांपुढून फिरलेलं, भाकरीचा तुकडा प्रत्येकाच्या हातावर ठेवलेला.

मला कधीकधी तोंडावर ऐकवलं जातं, "तुमचे पूर्वज पोटासाठी बाटले." कॉलेजात असताना हे ऐकलं की मी रडायची, नाहीतर भांडायची. आता तसं होत नाही. भूक होती, ती मी का नाकारू? पण नुसती भाकर त्यांना आधीही मिळत होती, घुंगुरकाठी वाजवली की मिळत होती. हातावर ठेवलेली भाकर मात्र आयुष्यात पहिल्यांदा मिळाली. ज्याला हा फरक फार मोठा वाटत नाही, त्याच्या घरात भाकर वरून टाकलेली कधी घ्यावी लागलेली नसावी.

देवळात येऊन जात पुसली गेली, असं मात्र मी म्हणणार नाही. लग्नाची बोलणी निघाली की आमच्यातही "मूळचे कोण?" हा प्रश्न येतोच. तो मला फार लागतो. एका ताटातला तुकडा घेऊन बाहेर पडायचं आणि चपला घालता घालता हे विचारायचं, हे मला जमणार नाही. घरी मी तसं स्पष्ट सांगितलेलं आहे.

आजीची स्वतःची आठवण होती ती १९७२ च्या दुष्काळाची. तेव्हा ती चोवीस वर्षांची, माझे वडील तिच्या कडेवर. दुष्काळी कामावर ती खडी फोडायला जायची. तिथे सुकडी हा कोरडा खाऊ मिळायचा, आणि रेशनवर परदेशातून आलेला तांबडा मिलो, ज्वारीचाच एक प्रकार. मिलोची भाकर थापताना तुटायची, गार झाली की चामड्यासारखी व्हायची, हे ती दर वेळी सांगायची. आणि पुढचं एक वाक्यही ठरलेलं, "पण तिच्यावर पण प्रार्थना केलीच की आम्ही." कामावरच्या इतर बाया तिच्याकडे बघत, मग एक-दोघी पदर डोक्यावर घेऊन शेजारी थांबत. त्या काही ख्रिस्ती झाल्या नाहीत. आजीने तशी अपेक्षाही केली नाही. उन्हात बसून तांबडी भाकर खायच्या आधी चार बाया क्षणभर गप्प झाल्या, एवढंच.

लहानपणी मला वाटायचं, प्रार्थना म्हणजे मागणं. आजीने एकदा पोळपाटावरून मान वर न करता मला विचारलं, "माझी भाकर दे असं म्हणतो का आपण?" मी म्हटलं, "नाही, आमची." "आणि उद्याची?" "नाही, आजची." बस, एवढाच धडा. ती शाळेत चौथीपर्यंत गेलेली. पण त्या दोन शब्दांवर नंतर ऐकलेलं कुठलंही प्रवचन मला तिच्यापुढे नेऊ शकलं नाही. 'आमची' म्हटलं की शेजारच्याचं ताट रिकामं ठेवून डोळे मिटता येत नाहीत. 'आज' म्हटलं की साठवून ठेवायची हाव थोडी सैल होते. आमच्या शाळेत रोज शेवटी पसायदान व्हायचं. ते ज्ञानदेवांनी मागितलं ते आमच्या नेवाशातच, शके १२१२ मध्ये. त्यातही स्वतःपुरतं काहीच मागितलेलं नाही. घरी एक आणि शाळेत एक, अशा दोन्ही अनेकवचनी प्रार्थना पाठ करत मी मोठी झाले, आणि दोन्ही मला माझ्याच वाटतात.

उपासाचं विचारता, तर राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाच्या सणापर्यंत, आमचा उपवासकाळ असतो, मधले रविवार सोडून ४० दिवस. कोण काय सोडतं हे ज्याचं त्याचं. माझी आई त्या दिवसांत रोज पीठ मळायच्या आधी एक मूठ बाजूच्या डब्यात टाकते. ईस्टरला तो डबा आमच्या चर्चच्या मंडळीतल्या ज्या घरी गरज असेल तिथे जातो. गेली दोन वर्षं मी पुण्यात तसंच करते, मुठीऐवजी रोजच्या चहाचे पैसे. पिठाच्या मुठीची सर त्याला नाही, हे मला कळतं.

गावाला जायचं तर मी शक्यतो दौंडवरून जाणारी रेल्वे धरते. वाटेत केडगाव लागतं. गाडी तिथे थांबो न थांबो, मी खिडकीशी येते. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथलं. १८९६-९७ च्या दुष्काळात उपाशी, निराधार अशा शेकडो मुली-बायकांना त्यांनी तिथे आणलं, जेवू घातलं, शिकवलं, हाताला काम दिलं. आणि त्याच बाईने हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल मराठीत आणलं, कमी शिकलेल्या बायकांनाही समजेल अशा भाषेत. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या. पूर्ण बायबल छापून आलं १९२४ मध्ये. आधी ताट वाढायचं आणि मग शब्द सोपा करायचा, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. नुसता शब्द देऊन पुढे जाणारे उपदेशक मी पाहिले आहेत. त्यांच्या सभेत माझं मन लागत नाही.

आता प्रसाद. ख्रिस्ती घराघरांत याचं उत्तर वेगळं मिळेल. मूर्तीपुढे ठेवलेल्या अन्नाचं काय करायचं, हा प्रश्न बायबलमध्ये प्रेषित पौलाने करिंथच्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पत्रातही आहे. तेच पत्र वाचून कोणी नको म्हणतं, कोणी घेतं. जे नको म्हणतात त्यांच्या मनात तुमच्याबद्दल तिरस्कार असतो असं कृपा करून समजू नका. बहुतेकांना आपल्या देवाशी केलेला शब्द पाळायचा असतो. मी घेते. पोळ्याला शेजारच्या काकू पुरणपोळी घेऊन आल्या की आजी दोन्ही हात पुढे करायची, ताटात वाढायची आणि आपली प्रार्थना करून खायची. म्हणायची, "मायेनं दिलंय ना, मग ते देवाचंच." नाताळात आमच्या करंज्या त्यांच्या घरी जात, तेव्हा काकूही दोन्ही हातांनी घेत.

हे सहज झालेलं नाही. पुण्यात मी गुरुवार पेठेत पंच हौदाच्या देवळात जाते, त्या उंच घंटाघराच्या. तिथल्या मिशनमध्ये १८९० साली पुण्यातल्या मोठ्या मंडळींना बोलावलं होतं आणि चहा-बिस्किटं पुढे केली होती. न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. कोण कोण गेलं होतं त्याची यादी वर्तमानपत्रात छापून आली, आणि ख्रिस्ती लोकांच्या हातच्या एका कप चहावरून प्रकरण शंकराचार्यांपर्यंत आणि प्रायश्चित्तापर्यंत गेलं. रविवारी उपासना संपल्यावर आम्ही आवारात उभ्याने चहा घेतो. माझ्याबरोबर कधी ऑफिसमधली मैत्रीण असते. ती सहज कप उचलते, तेव्हा मला त्या जुन्या चहाची आठवण येते आणि मी तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहते.

तिच्याबद्दल सांगायलाच हवं. ती साताऱ्याकडची, देव मानत नाही आणि तसं सरळ सांगते. कॅन्टीनमध्ये आमची जागा ठरलेली. मी डोळे मिटले की ती घास हातात धरून थांबायची, उघडले की जेवायला लागायची. मी कधीच तिला थांब म्हटलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात आजी आजारी पडली. तीन आठवडे आम्ही दवाखान्याच्या जिन्यावर आळीपाळीने बसून प्रार्थना केली. ती गेली. पुण्याला परत आल्यावर पहिल्या दिवशी डबा उघडला आणि डोळे मिटवेनात. शब्द सगळे पाठ होते, म्हणवत नव्हते. मी थेट पहिला घास घेतला. मैत्रीण थांबलेलीच होती. म्हणाली, "तुझं राहिलं." मी म्हटलं, "आज नको." ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही मी तशीच जेवायला लागले आणि तीही तशीच थांबली. असं चार महिने चाललं. रविवारी देवळात मी उभी राहायची, गीताच्या वेळी ओठ हलवायची, आणि आत देवाशी अबोला. हे तेव्हा घरी कुणाला सांगितलं नव्हतं.

एक दिवस न राहवून मी तिला विचारलं, "तू का थांबतेस अजून? मी तर काही म्हणत नाही." ती म्हणाली, "सवय झाली. तेवढ्या वेळात मला आई आठवते. पाचला उठून ती डबे करायची आमचे." मग तिने तिची भेंडीची भाजी माझ्या डब्याच्या झाकणावर वाढली.

त्या दिवशी मी डोळे मिटले. आभाराचे शब्द आले नाहीत. आला तो एकच शब्द, 'आमची'. चार महिने मी म्हणत नव्हते तरी ते म्हटलं जात होतं. माझ्यासमोर, अशा मुलीकडून जिला ते म्हणायचं नव्हतं. दुष्काळी कामावर आजीच्या शेजारी थांबलेल्या बाया मला तेव्हा दिसल्या, आणि देवाने माझा अबोला मनावर घेतला नव्हता हेही कळलं. आजी का गेली याचं उत्तर मला मिळालेलं नाही. ते मी अजून विचारते, कधी रागाने. विचारते मात्र त्यालाच.

तर जेवायच्या आधी मी काय म्हणते, ते वर लिहिलंय. त्यात आता आजीसाठी एक ओळ वाढली आहे, ती माझ्यापाशीच राहू दे. मैत्रीण अजून देव मानत नाही आणि अजून थांबते. मी डोळे उघडले की ती विचारते, "झालं?" मी म्हणते, "झालं." मग आम्ही एकमेकींच्या डब्यात हात घालतो.