पळालेल्या तुकडीवर पुन्हा गोळीबार

रविवारी मुलुंडला दादाकडे 'ॲडव्हान्स्ड स्क्वाड लीडर' हा दुसऱ्या महायुद्धावरचा पटावरचा खेळ मांडला होता. पंखा बंद ठेवावा लागतो, नाहीतर अर्ध्या इंचाच्या पुठ्ठ्याच्या सोंगट्या उडून जातात. वहिनीने कोकम सरबत आणून ठेवलं, ते तासभर तसंच राहिलं.

स्टालिनग्राड. माझे जर्मन, दादाचे रशियन. माझी ४-६-७ ची तुकडी, म्हणजे मारा चार, पल्ला पटावरची सहा घरं आणि मनोधैर्य सात, मी रस्ता ओलांडायला काढली आणि दादाच्या मशीनगनने तिला मध्येच गाठलं. एकही माणूस पडला नाही. फक्त मनोधैर्याची चाचणी आली. दोन फाशांची बेरीज सात किंवा कमी हवी, म्हणजे ३६ पैकी २१ वेळा निभावतं. मला नऊ पडले. तुकडीने कच खाल्ली, सोंगटी उलटी झाली आणि ती मागच्या दगडी इमारतीत पळाली.

कच खाणे, हाय खाणे, अवसान गळणे, पाय काढता घेणे. आपल्या भाषेला हे केव्हाचं माहीत आहे. पण मोबाइलवरच्या बहुतेक गेममध्ये सैनिकाच्या डोक्यावर नुसती हिरवी पट्टी असते, आणि ती केसभर उरली तरी तो पहिल्यासारखाच नेम धरतो. मला हे अजिबात पटत नाही. अंगावर गोळ्या यायला लागल्या की माणूस आधी जमिनीला चिकटतो.

पुढच्याच डावात दादाने पुन्हा त्याच इमारतीवर मारा केला. मी म्हटलं, "अरे दादा, ती तर पळालीय. समोर धडधाकट तुकडी उभी असताना हिच्यावर कशाला गोळ्या घालवतोस?"

"तिला सावरू द्यायचं नाहीये."

मग नियम नीट डोक्यात बसला. नुकत्याच कच खाल्लेल्या तुकडीला सावरताना फाशांच्या बेरजेत आणखी चार धरावे लागतात, इतकी ती घाबरलेली असते. मी ८-१ चा, म्हणजे मनोधैर्य आठ आणि हाताखालच्यांना एकाची मदत असा, अधिकारी तिच्याजवळ नेला होता, त्याचा एक वजा, इमारतीच्या आडोशाचा एक वजा. तरी पाच किंवा कमी हवे, ३६ पैकी १०. मध्ये कोणी त्रास दिला नाही तर ते चार निघून जातात आणि नऊपर्यंत चालतं, ३६ पैकी ३०. पण पुरेसा जोरदार मारा झाला की चार परत येतात. गोळी कुणाला लागायचीही गरज नाही. दादाची मशीनगन दोन डाव माझी एक तुकडी आणि एक अधिकारी नुसते दाबून बसली होती, आणि तेवढ्यात त्याची माणसं डावीकडून दोन घरं पुढे आली.

याच नियमांत उलटी बाजूही आहे. चाचणीत दोन्ही फाशांवर एक पडला तर भलतंच काही घडू शकतं, कधी तुकडीतून एखादा वीर उभा राहतो. आमचं गाव माणगाव तालुक्यातलं, गणपतीला जाताना तिथे ब्रिटिश भारतीय सैन्यातले नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा लागतो. १० जुलै १९४४, इटलीतलं अप्पर टायबर खोरं. मशीनगनने त्यांच्या सेक्शनमधले बाकीचे सगळे मारले किंवा जखमी केले. ते एकटे धावून गेले, ग्रेनेडने गन बंद पाडली, एकाला गोळी घातली, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने संपवलं. नंतर शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक. दोन एक पडले की मला तो पुतळा आठवतो, आणि ती सोंगटी मी हलक्या हाताने ठेवते.

अधिकारी पुढे न्यायचा मोह होत होता, डावीकडे गरजही होती. पण तो निघाला असता तर ही माणसं तिथेच कुजली असती. मी त्याला हलवला नाही. तिसऱ्या माऱ्याला दादाला दोन सहा पडले आणि मशीनगन जॅम झाली. चार निघाले. मला आठ पडले. सोंगटी सुलटी केली.

दोनच डाव उरले होते. तीच तुकडी पुन्हा त्याच रस्त्याच्या कडेला आणली. या वेळी अधिकारी बरोबर, म्हणजे आठ किंवा कमी, ३६ पैकी २६.