भागूबाई

परवा संध्याकाळी पुतण्या रविवारच्या सहलीची पिशवी भरत होता. बेळगावजवळच्या जांबोटीकडे जायचे ठरले आहे, आणि त्याच भागातल्या कणकुंबीला चार दिवस पाऊस थांबलेला नाही, म्हणून मी एवढेच म्हणालो की ओढ्याचे पाणी वाढलेले दिसले तर मुकाट्याने परत फिरा. त्यावर तो सहज म्हणाला, "काका, मी काही तुमच्या त्या भागूबाईसारखा अर्ध्या वाटेवरून पळून येणार नाही." घरातले सगळे हसले. सवयीने मीही हसलो, आणि तेव्हापासून दोन रात्री मला नीट झोप लागलेली नाही.

तो शब्द त्याला माझ्याकडूनच मिळाला. वज्रपोहा धबधब्याच्या वाटेवरची ती हकिकत दर पावसाळ्यात मी जेवताना रंगवून सांगत आलो आहे: १९९४चा जुलै, आम्ही पाच जण, महादईला मिळणारा एक ओढा, आणि काठावर उभे राहून "चला, परत जाऊ" म्हणणारा शहापूरचा आमचा मित्र. त्या भागात भीमगड अभयारण्य जाहीर झाले ते २०११ साली. त्यामुळे १९९४ला आम्हाला अडवणारे कोणी नव्हते. तोच एक होता.

त्याने काय पाहिले होते, ते मी कधीच सांगितले नाही. शिदोरी सोडायला बसलो तेव्हा ओढ्याच्या मधोमध एक काळा दगड हातभर वर दिसत होता, आणि हात धुवायला उठलो तेव्हा तो दिसेनासा झाला होता. पाणी तांबूस झाले होते, त्यातून पाचोळा आणि काटक्या येऊ लागल्या होत्या. आमच्या डोक्यावर मात्र उघडीप होती, ऊनही पडले होते, कारण पाऊस वर घाटमाथ्यावर पडत होता आणि त्याचे पाणी आता खाली पोहोचत होते. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की पायांवरचा रेटा चौपट होतो, हे गणित मी परीक्षेत सोडवले होते. त्याने फक्त दगडावर लक्ष ठेवले होते.

आणि मी पाण्यात उतरलो होतो. कमरेला दोर बांधून, त्याचे दुसरे टोक झाडाला बांधून, मोठी खबरदारी घेतल्याच्या समाधानात. पाय सुटला असता तर तोच ताणलेला दोर मला पाण्याखाली दाबून धरणार होता, हे मला कितीतरी वर्षांनी कळले. मांडीपर्यंत पाणी आले तेव्हा मला पुढेही पाऊल टाकता येईना आणि मागेही. तो गुडघाभर पाण्यात आला, काठी पुढे केली आणि म्हणाला, "वळू नकोस. तोंड धारेकडेच ठेव, एकेक पाऊल मागे ये." हकिकतीतून एवढाच भाग मी गाळत आलो.

काल दिवसभर मला वाटत राहिले की या घरात माझ्या शब्दाला आता किंमत उरलेली नाही, आणि त्याचे फार वाईटही वाटले. पण पुतण्याने माझे शब्द नीट ऐकले होते, अक्षर न् अक्षर ऐकले होते, म्हणून तर त्याला परत फिरण्याची लाज वाटते. रविवारी तो जाणार, आणि त्याला अडवण्याची माझी इच्छाही नाही. त्या वयात डोंगरात जायलाच हवे.

म्हणून आज दुपारी त्याला समोर बसवून सगळे सांगितले: दगड, तांबूस पाणी, दोर, काठी. तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, "मग त्यांना भागूबाई कोण म्हणाले?" मी विषय बदलला. त्या रात्री शेवटची बस चुकून आम्ही एका घराच्या सोप्यावर ओल्या कपड्यांनी बसलो होतो, घरच्या आजींनी नाचणीची भाकरी आणि आमटी वाढली होती, आणि ते नाव पहिल्यांदा घेतले ते मी.

रविवारला अजून दोन दिवस आहेत.