ताम्हिणी, महाड, अंबेनळी, महाबळेश्वर: भर पावसातला बाईकवरचा गोल, आणि रेनकोटावरची न संपणारी चर्चा

जुलैअखेरीला पुण्यातून ताम्हिणी घाट उतरून कोकणात, मग माणगाव-महाड-पोलादपूर करत अंबेनळी घाटाने परत वर महाबळेश्वर, आणि दुसऱ्या दिवशी पाचगणी-वाई करून घरी असा गोल मारला. सगळं मिळून 310-320 किलोमीटर भरतं. कागदावर बघितलं तर एका दिवसाचं काम आहे, उन्हाळ्यात लोक करतातही, पण पावसात एका दिवसात करायला जाऊ नका, अंबेनळी अंधारात चढायची वेळ येते आणि ती येऊ द्यायची नाही एवढं आधीच सांगून ठेवतो.

मंडळी अशी. हिंजवडीत आयटीत असलेला मित्र, त्याची हिमालयन 411. ताई आणि भावजी, त्यांची बुलेट. माझी जुनी पल्सर 150. आणि आमच्या सोसायटीतले काका, त्यांची स्प्लेंडर. काकांना घ्यायचं की नाही यावर हिमालयनवाल्याने आधी जरा नाक मुरडलं होतं, स्पीड जमणार नाही वगैरे. काका बारा महिने स्प्लेंडरवर पिरंगुटच्या एमआयडीसीत जातात, म्हणजे जून ते सप्टेंबर रोज मुळशीच्या तोंडाशी भिजून येणारा माणूस, आणि आपण वर्षातून एखादी राईड करून गियरवर बोलणारे. पावसात स्पीड लागतोच कुठे, तिथे सगळे चाळीस-पन्नासवरच असतात.

पहाटे साडेपाचला चांदणी चौकात भेटलो (नवीन पूल झाल्यापासून कुठला रॅम्प कुठे उतरतो हे अजून निम्म्या पुण्याला पाठ झालेलं नाही, त्यामुळे भेटायची जागा पौड रोडवर पुढे ठेवा). पेट्रोल पिरंगुट किंवा पौडलाच फुल करा, पुढे घाटात पंप शोधत बसायचं नाही. इथेच काकांनी हिमालयनवाल्याला पहिला टोला दिला, "अरे तुझी गाडी देते किती? तीस? पेट्रोल शंभरच्या वर गेलंय, वर त्या गाडीचा हप्ता वेगळा. माझी साठ देते आणि हप्ता कधीच फिटला." भावजी एकदम गप्प, कारण बुलेटचा हप्ता अजून चालूच आहे.

आता खरा विषय, रेन गियर.

हिमालयनवाल्याकडे चांगलं महागाचं मेश, म्हणजे जाळीच्या कापडाचं रायडिंग जॅकेट, आत वॉटरप्रूफ लायनर, म्हणजे काढता-घालता येणारं अस्तर. मुळशी धरणाच्या कडेने जाताना जोरात सर आली आणि ताम्हिणीच्या अलीकडे पहिल्या टपरीवर त्याने जॅकेट काढलं तर आतला शर्ट खरंच कोरडा होता, पण बाहेरचं जॅकेट पाणी पिऊन दुप्पट जड झालेलं आणि गारठा असा की त्याचे दात वाजत होते. लायनर आतून असला की हे असंच होतं, बाहेरचं कापड आणि पॅडिंग भिजतं, त्यावरून वारा जातो आणि अंगातली ऊब निघून जाते. शिवाय पाऊस आला की रस्त्याच्या कडेला जॅकेट काढून लायनर लावायचा, तोपर्यंत भिजून झालेलं असतं. त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे, जॅकेट कुठलंही असो, वरून घालायचा वेगळा रेनकोट घ्या, एक साइझ मोठा, आणि निघतानाच घाला, पाऊस नसला तरी.

काकांचा रेनकोट म्हणजे साधा पीव्हीसीचा जॅकेट-पँट सेट, बाजारात मिळतो तो. खाली गमबूट, शेतीच्या सामानाच्या दुकानातले. पँट गमबूटच्या बाहेरून, नाहीतर बुटाची बादली होते. हातमोजे जॅकेटच्या बाहीच्या आतून, कारण हँडलवर हात खाली उतरते असतात, बाहीवरून ओघळणारं पाणी मोज्याचं तोंड बाहेर असेल तर सरळ आत. आणि गळ्याला टॉवेलचा नॅपकिन, त्याचं एकही टोक कॉलरबाहेर नाही. टोक बाहेर राहिलं की कापड पाणी ओढून छातीपर्यंत नेतं. असे तीन नॅपकिन होते त्यांच्याकडे, ओला झाला की पिळून दुसरा. हेल्मेटवरून मागे मानेत पाणी उतरतं हा पावसातला सगळ्यात मोठा त्रास आहे आणि जॅकेट किती हजारांचं आहे याच्याशी त्याचा काही संबंध नाही. "तुमच्या जॅकेटला सगळं आहे रे," काका म्हणाले, "फक्त मान कुठाय?"

पण काकांच्या सेटचा वांधा खाली कोकणात कळला. विळ्याकडे उतरलो आणि दमट हवा सुरू झाली की पीव्हीसीच्या आत नुसता घाम, माणगावपर्यंत काका आतून भिजलेले आणि आम्ही बाहेरून. सीम टेप असलेला, थोडी हवा खेळेल असा रेनकोट मिळाला तर उत्तम, दोन्हीच्या मधला. घेताना आतून उलटा करून शिलाई बघा, प्रत्येक शिलाईवर पारदर्शक पट्टी चिकटवलेली पाहिजे. सगळ्यात महत्त्वाची पँटची बैठकीची शिलाई. बाईकवर बसलं की टाकी आणि मांड्यांच्या मध्ये तळं साचतं आणि पाणी तिथूनच आत घुसतं. घरी टेस्ट करायची सोपी पद्धत, रेनकोट घालून शॉवरखाली प्लास्टिकच्या स्टुलावर पाच मिनिटं बसा. उभं राहून नाही, बसून. घरचे हसतील, हसू द्या. आणि रेनकोटला इस्त्री नाही, मशीनमध्ये धुणं नाही, टेप सुटते.

मागे बसणाऱ्याचा कोणी विचारच करत नाही, असं ताईचं म्हणणं, आणि बरोबर आहे. "तुम्हाला समोरून पाऊस लागतो, मला चाकाचं पाणी पाठीवर आणि तुझ्या भावजींच्या रेनकोटाचं पाणी मांडीवर," हे तिने रस्ताभर ऐकवलं. मागच्या माणसाला पोंचो (डोक्यातून घालायचा मोकळा, घोळदार रेनकोट) देऊ नका, वाऱ्याने उडतो, चेनमध्ये किंवा चाकात गुंतला तर संपलं. त्यालाही पूर्ण सूटच पाहिजे.

रंग काळा नको. दुकानात नव्वद टक्के रेनकोट काळे नाहीतर नेव्ही ब्लू असतात, का ते देव जाणे. धुक्यात काकांच्या मागे चालताना ते दिसतच नव्हते, शेवटी ताम्हिणीत थांबून त्यांना बांधकामावर घालतात ते पिवळं रिफ्लेक्टर जॅकेट वरून घालायला लावलं, स्वस्तात मिळतं, प्रत्येकाकडे असू द्या.

व्हायझरवरच्या वाफेवर पिनलॉक, म्हणजे व्हायझरला आतून बसवायची जादा पारदर्शक शीट, हा खरा उपाय, हेल्मेटला खाचा असतील तर बसवाच. नसेल तर आतून भांड्याच्या साबणाचा एक थेंब चोळून कोरड्या फडक्याने पुसा, तासभर तरी चालतं. चष्मेवाल्यांचे हाल दुप्पट. टिंटेड व्हायझर घरी ठेवा.

ताम्हिणीबद्दल फार लिहीत नाही, सगळ्यांनी पाहिलाय. शनिवार-रविवारी नऊनंतर गाड्यांच्या रांगा लागतात, त्यामुळे सातच्या आत घाट ओलांडा. धबधब्यांच्या ठिकाणी पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांचे बंदीचे आदेश निघतात, निघण्याआधी बातम्या बघा, आणि घाटातल्या प्लस व्हॅली नावाच्या दरीत उतरणं वगैरे पावसात नकोच. नेटवर्क मधेच जातं, म्हणून मॅप ऑफलाइन करून ठेवा आणि सुटे पैसे झिपलॉकच्या पिशवीत. भजीवाल्या मावशींचं क्यूआर होतं, पण रेंज नव्हती तर काय करणार. हिमालयनवाल्याने हँडलला लावलेला फोन पावसाच्या थेंबांनी आपोआप झूम होत होता, कोणाला तरी कॉलपण लागला. फोन खिशात ठेवा, रस्ता एकच आहे.

मुंबई-गोवा हायवेला माणगावात ट्रॅफिक लागतंच, तिथे वैतागू नका, पुढे महाडपर्यंत 27-28 किलोमीटर आहे. काँक्रीटचा रस्ता गुळगुळीत वाटतो पण जिथे डायव्हर्जन येतं तिथे एकदम खड्डे आणि चिखल, आणि पाण्याने भरलेला खड्डा किती खोल ते दिसत नाही. पुढच्या चारचाकीच्या चाकांच्या रेषेत चालवा, ती कुठे आपटते ते कळतं. महाडला सावित्रीवरचा पूल लागतो. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री इथला जुना दगडी पूल पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर दोन एसटी गेल्या, आत्ताचा पूल 2017 साली झाला. पुलावरून किंवा फरशीवरून पाणी वाहत असेल तर किती का कमी दिसेना, थांबायचं. पलीकडे कोणी बाईकवाला गेला म्हणून आपण जायचं नाही. रस्त्यात साचलेलं पाणी वेगळं, तिथे पहिल्या गियरमध्ये, रेस न सोडता, हळू. आणि बंद पडलीच तर लगेच स्टार्टर मारत बसू नका, एअर फिल्टरमध्ये पाणी गेलं असेल तर इंजिनात ओढलं जातं, मग खर्च मोठा.

महाडला जेवलो. इथेच तासभर गप्पा रंगल्या कारण बाहेर धो धो. ताईच्या मुलीच्या स्कूलव्हॅनवाल्याने पैसे वाढवलेत, हिमालयनवाल्याला आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला बोलावतायत आणि हिंजवडीचा पाऊस म्हणजे अंबेनळीपेक्षा वाईट असं त्याचं म्हणणं, काकांच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पावसाळा संपल्यावर करायचंय, आणि सोसायटीत ओले रेनकोट जिन्यात वाळत घालू नयेत असा नियम येतोय त्यावर काकांचा संताप. "मग वाळवायचे कुठे, ह्यांच्या डोक्यावर?" त्यातच विषय निघाला टायरचा. काकांनी उठून पार्किंगमध्ये जाऊन प्रत्येकाचा टायर बघितला, आणि भावजींच्या मागच्या टायरमध्ये खाचा जवळपास संपलेल्या. बुलेटचा हप्ता भरतो पण टायर नाही बदलत, यावर ताई जे बोलली ते इथे लिहिता येणार नाही. टायरच्या खाचांचं काम पाणी बाहेर फेकायचं, त्या गेल्या की ओल्या रस्त्यावर ब्रेक कितीही चांगला असला तरी उपयोग नाही. एबीएस 125 सीसीच्या वरच्या गाड्यांना 2019 पासून सक्तीचं आहे, पण एबीएस चाक लॉक होऊ देत नाही एवढंच, गुळगुळीत टायरला पकड कुठून आणणार. ड्रम ब्रेक भिजला की पहिल्यांदा दाबल्यावर लागतच नाही, पाण्यातून बाहेर आलं की हळू चालवत दोन-चार वेळा हलका दाबून सुकवून घ्या. महाडमध्येच टायरचं दुकान गाठलं, तास गेला, पण घाट त्या टायरवर चढायचा नव्हता.

पोलादपूरहून महाबळेश्वर 40 किलोमीटर. कापडे गेलं की चढ सुरू. हा घाट मला ताम्हिणीपेक्षा कितीतरी जास्त आवडतो, गर्दी नाही, हिरवा एवढा की डोळे फिरतात. पण दरडींचा घाट आहे. 2021 च्या जुलैमधल्या अतिवृष्टीत इथे रस्ता जागोजागी तुटला होता. जोरदार पावसाचा इशारा असला की प्रशासन घाट बंद करतं, तेव्हा पोलादपूरला चौकशी केल्याशिवाय चढू नका, आणि वरंध घाट हा पर्याय धरू नका, तोही पावसाळ्यात बऱ्याचदा बंदच असतो. रस्त्यावर लाल माती आणि लहान दगड आलेले दिसले की वर बघा. फोटोला थांबायचं तर दरीच्या बाजूला मोकळ्या जागी, डोंगर कापलेल्या भिंतीखाली कधीच नाही. वळणावर एसटीला जागा द्या, ती मधून येते आणि तिचा हक्कच आहे. इथे गियर बदलताना गमबूटाचा मुद्दा पुन्हा आला. स्प्लेंडरला टाच आणि पुढचा असा दोन्ही बाजूंचा लिव्हर असतो, काकांना काही फरक नाही. हिमालयनला फक्त पुढचा, त्याखाली जाड गमबूट नीट जात नाही. तेव्हा काकांची नक्कल करताना आधी स्वतःच्या गाडीचा लिव्हर बघा.

वाडा कुंभरोशीला चहा. प्रतापगड इथून वरती, 1659 च्या नोव्हेंबरमध्ये अफजलखानाचा निकाल लागला तो, पण त्या दिवशी ढगात गड आहे की नाही तेच कळत नव्हतं, सोडून दिला.

राहण्याबद्दल एक सांगतो, बहुतेक लोक महाबळेश्वरला राहतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, जुलैत तिथे रुमाल वाळत नाही. पाचगणी फक्त 18-19 किलोमीटर पुढे आणि पाऊस कितीतरी कमी. अंधार पडायच्या आत तिथे पोचता येत असेल तर पाचगणीलाच राहा. आम्ही तेच केलं. रूम घेताना टीव्ही विचारू नका, गिझर आणि पंखा विचारा. बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि झोपायच्या आधी एकदा बदला, सकाळपर्यंत घालण्यालायक होतात. कोरड्या कपड्यांचा एक जोड कचऱ्याच्या मोठ्या काळ्या पिशवीत गाठ मारून सॅकमध्ये, तो कितीही मोह झाला तरी रस्त्यात घालायचा नाही, फक्त रूमवर. सॅकचं वरचं रेनकव्हर वाऱ्याने फुगतं आणि खालून पाणी साठतं, आतली पिशवी जास्त कामाची.

दुसऱ्या दिवशी पसरणी घाट उतरून वाई, तिथे मिसळ, आणि सुरूर फाट्याला हायवे. पुण्याकडे येताना खंबाटकीचा बोगदा लागतो, बाहेर पडल्यावर उताराचं एस वळण आहे, तिथे अपघात खूप झालेत, बोगद्यातच स्पीड कमी करा आणि ट्रकच्या बाजूने वळण घेऊ नका. ट्रकच्या मागे उडणाऱ्या पाण्यात काही दिसत नाही, एकतर लांब राहा नाहीतर पटकन पुढे जा.

घरी आल्यावर गाडी धुवा, चेन त्याच दिवशी. रॉकेल किंवा डिझेलने साफ करून, पुसून, 90 नंबरचं गियर ऑइल सोडा, दोन दिवस ठेवलीत तर लाल होते. स्प्लेंडरवाल्यांना ही कटकट नाही, तिची चेन झाकलेली असते, हेही काकांनी जाता जाता ऐकवलंच. रेनकोट घडी घालून ठेवू नका, हँगरला लावून सावलीत, आणि सोसायटीचा नियम पास व्हायच्या आत जिन्यात.