दूध आणि ताक

किचनचं टॉल युनिट, म्हणजे उंच कपाट, बसलं, ट्रॉल्यांच्या अ‍ॅक्रिलिकवरची फिल्म सोलली, आणि आजी म्हणाल्या, "हे दूध आहे आणि ते ताक."

कोथरूडचं घर. खाली हाय-ग्लॉस अ‍ॅक्रिलिक, वर मॅट लॅमिनेट, टॉल युनिटला एमडीएफवर (लाकडाच्या तंतूंच्या दाबलेल्या फळीवर) पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन रंग. तिन्ही 'मोतिया'. बजेट सांभाळायला तीन मटेरियल मीच सुचवली होती. शेड कार्डावरच्या नावाला काही अर्थ नसतो, प्रत्येक कंपनीचा मोतिया वेगळ्या गावचा. लॅमिनेट आणि अ‍ॅक्रिलिक तयार येतात, शेड हलवता येते ती फक्त पीयूची. म्हणून अ‍ॅक्रिलिकचा तुकडा समोर ठेवून पॉलिशवाल्याने पांढऱ्यात थेंब थेंब पिवळा, मग अगदी सुईच्या टोकावर मावेल एवढा काळा घालत नमुने केले. ओल्या रंगावर त्याचा विश्वास नाही. त्याच प्रायमरच्या एमडीएफवर पूर्ण कोट मारायचे, रात्रभर सुकवायचे, मग बघायचं. असा माणूस आमच्या धंद्यात विरळा.

चौथा नमुना वर्कशॉपच्या ट्यूबखाली हुबेहूब जुळला. तो म्हणाला, "साहब, एक बार धूप में देख लो." डिलिव्हरी तोंडावर होती. मी म्हणालो, जुळलाय ना, मार.

रंगद्रव्यं वेगळी असली की दोन पांढरे एका दिव्याखाली जुळे भाऊ असतात आणि दुसऱ्याखाली ओळखही देत नाहीत. हे मला माहीत होतं, हाच त्रास आहे. साइटवर छताला ६५०० केल्विनचे पांढरेशुभ्र एलईडी, कपाटांखाली ३०००ची पिवळसर पट्टी आणि पश्चिमेची खिडकी. पिवळ्या पट्टीत सगळं छान. खिडकीच्या उजेडात टॉल युनिट गुलाबी मारत होतं. (दिवे कुठले लागणार हे आमच्याकडे शेवटच्या दिवशी इलेक्ट्रिशियन ठरवतो, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही.)

टॉल युनिटची सहा शटर्स, म्हणजे दारं, काढून नेली, माझ्या खर्चाने. या वेळी नमुने त्याच ओट्यावर उभे केले. सकाळी पाहिले, दुपारी पाहिले, दिवे लावून पाहिले. पॉलिशवाला एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

आता बरंच जुळलंय. वरचं मॅट तेवढं थोडं फिकं दिसतं. मॅटवर उजेड विखुरतो, तिथे रंगाचा इलाज नाही, आणि ते मी आधीच सांगितलं होतं. पण संध्याकाळी पाचच्या सुमारास उन्हाचा पट्टा टॉल युनिटच्या जोडावर येतो, तेव्हा फरक मला अजून दिसतो. आजींना दिसतो का, ते मी विचारलेलं नाही.