डोक्यावरून चालत जाणारी होडी

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, विशेषतः ॲरन बेटांवर, सहा पायांचा भलामोठा काळा भुंगा समुद्राकडे चालत जातो. खरं तर ती पालथी होडी असते आणि तिच्याखाली तीन माणसं. हिचं नाव करख; दक्षिणेकडे केरी परगण्यात हिलाच नेव्होग म्हणतात.

करखीला तळाचा कणा नसतो. बांधणी काठापासून सुरू होते, तीही उलटी. काठाची चौकट जमिनीवर पालथी ठेवायची, तिच्यातल्या भोकांत वाकवलेल्या फासळ्या रोवायच्या आणि वरून लांबीच्या दिशेनं पातळ पट्ट्या ठोकायच्या. त्यावर ताणून कॅनव्हास आणि डांबर. पूर्वी कॅनव्हासच्या जागी बैलाचं कातडं असे. डांबरात पिच, म्हणजे डांबराचाच घट्ट प्रकार, मिसळतात, पण बेतानं: जास्त झालं तर थंडीत तडे जातात, कमी पडलं तर उन्हात चिकट राहतं.

वल्ह्याला पसरट पातं नसतं, कारण ते वाऱ्यात आणि लाटेत अडकतं. दांड्यावर भोक पाडलेला लाकडी ठोकळा बसवतात आणि तो काठावरच्या एकाच खुंटीवर अडकवतात. त्यामुळे गळाची दोरी ओढायला दोन्ही हात सोडले तरी वल्हं वाहून जात नाही. मला सगळ्या होडीत हीच गोष्ट सर्वांत हुशारीची वाटते.

हलकेपणा हाच गुण, आणि भानगडही तीच. करख लाट कापत नाही, तिच्यावर चढते. पण खिळेवाल्या बुटाची टाच पट्ट्यांच्या मधे पडली की कॅनव्हास फाटलाच. म्हणून ॲरनचे कोळी कच्च्या कातड्याच्या मऊ चपला, पॅम्पूटी, घालत. दगडांवरून होडी ओढायची नाही, उचलायची. भोक पडलंच तर कॅनव्हासचा तुकडा आणि गरम डांबर. किनाऱ्यावर मात्र दगड बांधून ठेवावी लागते, नाहीतर वादळ तिला सरळ उडवून नेतं.

रूढीही कडक होत्या. होडीत डुकराचं नाव काढायचं नाही, वाटेत लाल केसांची बाई भेटली तर घरी परतायचं (बिचाऱ्या बायकांचा काय दोष?). संत मार्टिनच्या दिवशी, 11 नोव्हेंबरला, अनेक गावांत होडी पाण्यात जात नसे. निघताना होडी सूर्य फिरतो त्या दिशेनं वळवायची, आपण प्रदक्षिणा घालतो तशीच, उजवीकडे. आणि पुढच्या टोकाला पवित्र पाण्याची छोटी बाटली बांधलेली असे.