पांढरी पाच आणि काळी चारच्या मधे

गुरुवार, रात्रीचे साडेअकरा

शनिवारची तिकिटं आज पुन्हा फोनवर उघडून बघितली. जेकब कॉलियर या इंग्लिश गायक-वादकाच्या मैफलीची. मी आणि लेक, दोघींची. इतकी वर्षं त्याला ऐकतेय, पण समोर बसून ऐकायची ही पहिलीच वेळ.

दाखवला होता लेकीनंच. स्क्रीनवर चौकटीच चौकटी आणि प्रत्येकीत तोच. एकीत गातोय, एकीत पियानोवर, एकीत डबल बेसला बिलगून उभा. हे सगळं इथे लंडनमधेच, घरातल्या त्याच्या खोलीत बसून एकट्यानं केलेलं. 2013 सालचा असाच एक व्हिडिओ नामवंत अमेरिकन संगीत-निर्माता क्विन्सी जोन्सपर्यंत पोचला. 2015 मधे स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोच्या जॅझ महोत्सवात हर्बी हँकॉक आणि चिक कोरिया या जॅझ पियानोच्या दिग्गजांच्या आधी हा एकटा मंचावर होता. 2016 चा पहिला अल्बम त्याच खोलीतला. वाद्यं, आवाज, संयोजन सगळं त्याचं. पुढच्या वर्षी त्यातल्या दोन गाण्यांच्या संयोजनाला ग्रॅमी मिळाले. तेव्हा वय 22.

लोक त्याला अष्टपैलू म्हणतात. तो शब्द ऐकला की मला माझं चौदावं वर्ष आठवतं. गात होते, पेटी वाजवत होते आणि शेजारच्या काकांकडे तबल्यावर बसायला लागले होते. ज्यांच्याकडे गाणं शिकत होते ते एक दिवस आईला म्हणाले, "एक ना धड भाराभर चिंध्या नकोत. गळा चांगला आहे, तोच सांभाळा." तबला बंद झाला, मग पेटीही मागे पडली. त्यांचं सगळंच चुकलं असं मी म्हणणार नाही. वर्षभर एका यमनात बुडवून ठेवलं, त्याचं ऋण आहे. पण त्यानंतर कितीतरी दिवस जेवायच्या पाटावर माझी बोटं तीनताल धरायची आणि आई ताट वाढता वाढता तिकडे न बघितल्यासारखं करायची, हे मी विसरलेले नाही.

जेकबच्या घरची रीत वेगळी. आई सूझी व्हायोलिन वाजवते, वाद्यवृंदाचं संचलन करते, रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमधे शिकवते. आजोबाही व्हायोलिनवाले. घरात सगळ्यांनी मिळून बाखची समूहगीतं गायची, एकेकानं एकेक आवाज धरायचा. आमच्याकडे आरतीला बारा माणसं असली तरी सूर एकच. तोही मला प्रिय आहे. पण दुसरा वेगळा सूर लावत असताना आपण आपल्यावर टिकून राहायचं, हे मला कुणी शिकवलंच नाही.

मला तो खरा भेटला एका ख्रिसमसच्या गीतात. सुरुवात आपल्या पेटीच्या भाषेत पांढरी तीनमधे, म्हणजे तिसऱ्या पांढऱ्या पट्टीला सा धरून, सगळे आवाज त्याचेच. शेवटच्या कडव्याआधी तो अख्खा स्वरसमूह हळूहळू सरकायला लागतो आणि जिथे जाऊन स्थिरावतो ती पट्टी पेटीवर नाहीच. पांढरी पाच आणि काळी चार यांच्या बरोबर मधे. मी मिरजेहून आणलेली पेटी काढून दोन्ही पट्ट्या आळीपाळीनं दाबून बघितल्या, आणि तो खरंच त्या फटीत उभा होता. श्रुतींबद्दल, म्हणजे स्वरांमधल्या बारीक अंतरांबद्दल, लहानपणापासून ऐकत आले. दरबारी रागाचा आंदोलित, झुलता गंधार घोटलाय. पण गाण्याचं घरच उचलून त्या फटीत मांडायचं, आणि ऐकणाऱ्याला ते आपलं वाटायला लावायचं! त्या रात्री मला झोप आली नाही.

त्याच्या 2024 च्या अल्बममधे अनुष्का शंकरची सतार आहे, वारिजश्री वेणुगोपालचा आवाज आहे आणि ठिकठिकाणच्या मैफलींत टिपलेले श्रोत्यांचे आवाजही आहेत. शनिवारी मला त्याचीच ओढ आहे. तो सभागृहाचे तीन भाग करतो. शब्द नाहीत, सूचना नाहीत, नुसते हात. तळवा वर केला की तुमचा भाग एक स्वर वर, खाली केला की खाली. ज्यांनी आयुष्यात कधी गायलेलं नाही अशी माणसंही कुठल्या कुठे जाऊन पोचतात.

म्हणून आज जेवणानंतर स्वयंपाकघरात सराव केला. फोनवर तानपुरा लावला. मी सा, लेक ग. तिनं गंधार लावला की मी तिच्याकडे ओढली जायची. दोनदा झालं. "आई, मी कुठेही गेले तरी तू तुझा सा सोडू नकोस," ती म्हणाली. तिसऱ्या वेळी ओट्याची कड धरून, डोळे मिटून लावला. टिकला. तिचा गंधार शाळेच्या पियानोवरचा, किंचित चढा. दोघींच्या मधे काहीतरी थरथरत होतं. मी हातानं थोडंसं खाली अशी खूण केली. ती केसभर उतरली आणि थरथर थांबली. आम्ही दोघी श्वास संपेपर्यंत तिथेच थांबलो.

उद्या ह्यांना पंचमावर बसवायचंय.