तुम्ही विचारलंत म्हणून: ३.२ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर ०.८ का दाखवतो?

ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात हा प्रश्न महिन्यातून दोनदा तरी येतोच. परवा घंटाळीचे एक काका टास्क मॅनेजरचा, म्हणजे मशीन किती काम करतंय ते दाखवणाऱ्या विंडोजच्या खिडकीचा, फोटोच काढून घेऊन आले. मीच बसवून दिलेलं, इंटेल कंपनीच्या आय५-६५०० प्रोसेसरचं जुनं मशीन. "३.२ गिगाहर्ट्झ म्हणालात, इथे ०.८० दिसतंय. बाकीचे कुठे गेले?" आवाज असा, की इथून थेट ग्राहक मंचातच जाणार.

तसलंच एक मशीन टेबलावर होतं. टास्क मॅनेजर उघडला. वापर २ टक्के, वेग ०.८०. मग एक भलं मोठं फोल्डर झिप करायला लावलं. आकडा लगेच तीनच्या पुढे. झिप संपली, पुन्हा ०.८०. काका चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "म्हणजे मी बघायला गेलो की हा आराम करतो!"

तसंच आहे ते. नुसता आकडा बघत बसलात तर मशीनला काम काय असणार?

हा वेग गुणाकाराने ठरतो. मूळ ठोका १०० मेगाहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला दहा कोटी ठोके; त्याला ३२ ने गुणलं की ३.२ गिगाहर्ट्झ. काम नसलं की गुणक ८ वर येतो, म्हणून ८०० मेगाहर्ट्झ, म्हणजेच ०.८ गिगाहर्ट्झ. तीन हात नाक्याच्या सिग्नलला रिक्षावाले इंजिन बंद करतात, तसं समजा, असं मी पूर्वी सांगायचो. पण त्यात खरी गंमत निसटते. वेग उतरला की प्रोसेसरला कमी व्होल्टेज पुरतं आणि वीज खर्च होते ती वेगाच्या प्रमाणात आणि शिवाय व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. समजा १.२ चं ०.८ व्होल्ट झालं. वेग चौपट कमी, व्होल्टेजचा वर्ग सव्वादोन पट कमी. म्हणजे ठोक्यांवर जाणारी वीज नवव्या हिश्शावर! कागदावर हे मांडून दाखवल्यावर काका जरा निवळले.

इंटेलने वेग उतरवण्याची ही सोय २००० साली लॅपटॉपच्या पेंटियम ३ मध्ये आणलं, ती बॅटरी वाचावी म्हणून. डेस्कटॉपवर नंतर आली. वेग चढायला मिलिसेकंदांचा खेळ, माऊस हलवणाऱ्याला कळतसुद्धा नाही.

काही जण व्हिडिओ बघून पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची किमान पातळी ५ ची १०० टक्के करून येतात. आकडा वर राहतो, जिवाला बरं वाटतं. बिल फारसं फुगत नाही हेही खरं, कारण रिकामे कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले काम करणारे भाग, तसेही झोपी जातात. पण मिळालं काय? मी तरी ते पूर्ववत करून देतो.

वापर १०० टक्के असताना वेग तळाला असेल, तर मात्र मशीन घेऊन या. मागच्या मे महिन्यात घोडबंदर रोडची एक कॉलेजची मुलगी लॅपटॉप घेऊन आली. व्हिडिओ एडिटिंग लावलं, तर तापमान शंभरीला टेकलेलं आणि म्हणून प्रोसेसरने स्वतःला सावरायला वेग उतरवलेला, १.२ वर अडकलेला. उघडला तर पंख्यामागच्या जाळीवर धुळीचा थर, चिमटीत धरून गोधडीसारखा सोलून काढता आला. प्रोसेसरची उष्णता बाहेर वाहून नेणारी थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झालेली. आकडा तिने कधी बघितलाच नव्हता. "दादा, हा मांडीवर ठेववत नाही," एवढंच म्हणाली होती.